लेखाशीर्षांआडची लढाई

अर्थसंकल्पाच्या दिवशी काय स्वस्त झाले आणि काय महाग, याची चर्चा रंगते. वंचितांच्या वाट्याचा पैसा कुठे गेला, हे मात्र त्या भाषणातून कळत नाही. ते कळते लेखाशीर्षांच्या जाडजूड पुस्तकांतून. आणि ती चाळण्याचे रुक्ष काम आपल्याकडे बहुधा सामाजिक कार्यकर्त्यांनीच केले आहे. गुजरातेत ‘दिशा’ या संघटनेने नव्वदच्या दशकात आदिवासींसाठीच्या तरतुदींचे विश्लेषण आमदारांच्या हाती ठेवले. मुंबईत ‘समर्थन’ने हाच मार्ग धरला.

या वाचनाची निकड मे २०२५ मध्ये पुन्हा दिसली. ‘लाडकी बहीण’ योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी रुपये वळवण्यात आले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली.

दलित, आदिवासी महिलाही लाभार्थी आहेत, तेव्हा त्यांचा खर्च त्यांच्या निधीतून दाखवला तर बिघडले कुठे, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु आदिवासी उपयोजना (१९७४-७५) आणि विशेष घटक योजना (१९७९-८०) जन्मल्या त्या या समाजांचा अनुशेष भरून काढण्यासाठी. सर्व पात्र महिलांना मिळणारे दरमहा दीड हजार रुपये त्यांनाही मिळायचेच होते. ते या निधीतून दिले की अनुशेषासाठीची रक्कम तेवढी घटते आणि कागदावर मात्र लोकसंख्येच्या प्रमाणात तरतूद केल्याचे समाधान कायम राहते. कात्री लागते ती वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि आश्रमशाळांना.

या निधीला आंध्रप्रमाणे कायद्याचे संरक्षण द्या, ही मागणी जुनीच आहे. ती रास्त असली तरी अपुरी आहे. कर्नाटकानेही २०१३ मध्येच कायदा केला. निधी अन्यत्र वळवण्यास वाव देणारे त्यातील ‘७-ड’ कलम २०२३ मध्ये रद्दही झाले. तरीही तेथील ‘हमी’ योजनांसाठी हाच निधी वापरला गेला, कारण सर्वसाधारण योजनांतील या समाजांचा हिस्सा उपयोजनेत दाखवण्याची मुभा ‘७-क’मध्ये शिल्लक होती. महाराष्ट्रासाठी मसुदा करताना कार्यकर्त्यांनी आधी ही फट बुजवण्याचा आग्रह धरावा. अखर्चित रक्कम पुढील वर्षी त्याच समाजासाठी राखून ठेवण्याचे कलम त्यानंतर येते.