शाळा सुटली, आता पुढे काय?

दहावी-बारावीचा निकाल लागला की गावात पेढे वाटले जातात. कोण आयटीआयला जाणार, कोण कृषी पदविकेला, कोण भरतीची तयारी करणार, याची पारावर चर्चा होते. त्याच शाळेतून बाहेर पडलेल्या दिव्यांग पोराचे नाव मात्र त्या चर्चेत निघत नाही. "बसंल घरी, आपल्याबरोबर दोन घास खाईल," एवढ्यावर त्याच्या आयुष्याचा निकाल लावून आपण मोकळे होतो.

यामागे माया नसते असे नाही, पण नियोजन नसते. मृगाचा पाऊस पडल्यावर कोणी बियाणे शोधायला निघत नाही. तजवीज आधीच केलेली असते. मग मुलाच्या बाबतीत अठरावे वर्ष उजाडेपर्यंत थांबायचे कशासाठी? आठवी-नववीत असतानाच आई-बाप आणि शिक्षकांनी एकत्र बसून ठरवले पाहिजे, आणि त्या मुलालाही विचारले पाहिजे, की त्याला काय जमते आणि काय आवडते.

दिव्यांग हक्क कायदा 2016 साली झाला. त्यात 21 प्रकारचे दिव्यांगत्व धरले आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पुढे सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 5 टक्के जागा आणि सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण आहे. पण हातात दाखला नसेल तर यातले काहीच पदरात पडत नाही. म्हणून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि देशभर चालणारे युडीआयडी कार्ड शाळेत असतानाच काढून ठेवा. मुलाच्या नावाने बँकेत खातेही उघडा.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांच्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याच्या दृष्टीने मूल सज्ञान होते, आणि आई-बापाची सही आपोआप चालत नाही. त्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 नुसार कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे तसा अर्ज करायचा असतो. आपल्या माघारी कोण, या प्रश्नाने रात्री झोप न लागणाऱ्या आई-बापाने हा अर्ज उद्यावर ढकलू नये.

आता कामाचे बघू. "याला शेतीतलं काय जमणार?" असे लोक विचारतात. शेतीतले एक काम म्हणजे खरे तर पाच-सहा कामे असतात. रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या म्हटले तरी माती चाळणे, शेणखत मिसळणे, पिशवी भरणे, ओळीत मांडणे, झारीने पाणी देणे, असे तुकडे पडतात. यातला एक तुकडा घ्यावा, आठ-पंधरा दिवस सोबत राहून हाताला बसवावा, मग पुढचा घ्यावा. गांडूळखत, अंडी गोळा करणे, भाजीची प्रतवारी, करडांची देखभाल ही कामेही अशीच शिकवता येतात. कानाने ऐकू न येणारा तरुण पंप दुरुस्त करू शकतो, ठिबक जोडू शकतो. 1949 साली बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ सुरू केलेल्या आनंदवनात कुष्ठरोग्यांनी पडीक माळ कसून दाखवला. हाताची बोटे झडलेली माणसे जमीन पिकवू शकतात, तर नाही म्हणणारे आपण कोण?

पण काम देणे वेगळे आणि राबवून घेणे वेगळे. दिवसभर गोठ्यात खपणाऱ्या पोराला 'घरचाच आहे' म्हणून दमडी न देणे हा अन्यायच आहे. त्याचा मोबदला त्याच्या खात्यात पडला पाहिजे.

सगळ्यात नाजूक विषय जमिनीचा. वाटण्या होताना दिव्यांग भावाचा किंवा बहिणीचा हिस्सा 'आम्ही सांभाळतोच की' म्हणून हक्कसोडपत्रात संपवला जातो. सातबाऱ्यावरून नाव गेले की शेतकरी म्हणून ओळख गेली, आणि शेतकरी ओळख क्रमांकावर मिळणाऱ्या योजनाही गेल्या. सांभाळणाऱ्याची नियत आज चांगली असेल, पुढच्या पिढीची कोणी सांगावी? हिस्सा नावावर राहू द्या, कसायला खुशाल भावाने कसावी.

गावकारभाऱ्यांनाही चार शब्द. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बहुतेक ठिकाणी वर्षाअखेरीस थोडे-थोडे पैसे वाटून हिशेब पुरा केला जातो. त्याऐवजी त्यातून एखाद्याला शिलाई यंत्र, एखाद्याला शेळ्या, एखाद्याला तालुक्याच्या कार्यशाळेपर्यंत जाण्या-येण्याचा खर्च दिला तर तो पैसा उगवेल. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये अडला असेल तर सरपंचांनी सोबत जावे. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत त्याला हेलपाटे घालायला लावू नयेत.

येत्या ग्रामसभेत एवढेच करा. चौदा ते अठरा वयाच्या दिव्यांग मुला-मुलींची यादी वाचा आणि प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: कार्ड आहे का, काय शिकतो, पुढे काय करणार. जिथे रकाना कोरा राहील तिथून कामाला लागा.