छप्पर ज्याचे, सूर्यही त्याचाच?

'पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना' १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली. देशातील एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पट्ट्या बसवावयाच्या आणि त्यापायी ७५,०२१ कोटी रुपये खर्चावयाचे, असा तिचा संकल्प आहे. मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षाअखेरपर्यंतची. घरगुती सौर छपरांच्या बाबतीत गुजरातने ही योजना येण्यापूर्वीच देशात पहिले स्थान मिळविले होते आणि योजना आल्यावरही ती आघाडी टिकवून धरली. गुजरातेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला याचा अभिमान वाटला तर त्यात वावगे काही नाही. परंतु हा अभिमान मिरविताना सुरतेच्या नवागाम, दिंडोली, लिंबायत या वस्त्यांचा हिशेब कोणी वेगळा मांडून पाहिला आहे काय, असा प्रश्न आम्हांस पडतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून भुसावळ-सुरत लोहमार्गाने खानदेशी कुटुंबे येथे आली आणि दोन-तीन पिढ्या उधना-पांडेसऱ्याच्या यंत्रमागांवर राबली. त्यांतील काहींनी स्वतःची घरे बांधली. पुष्कळजण अद्यापि भाड्याच्या खोलीत आहेत. विजेचा खर्च त्यांना चुकत नाही. डोक्यावरचे छप्पर मात्र त्यांचे नाही. आणि आजच्या सौर धोरणाची सारी उभारणी छपराच्या मालकीवर झालेली आहे.

ज्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. सौर विजेसाठी स्वतंत्र धोरण आखणारे गुजरात हे देशातील पहिले राज्य. ते धोरण २००९ साली जाहीर झाले. जानेवारी २०१० मध्ये राज्याच्या विद्युत नियामक आयोगाने सौर विजेचा दर ठरविला तो पहिली बारा वर्षे युनिटास १५ रुपये आणि पुढील तेरा वर्षे ५ रुपये असा. त्या काळी हा दर पाहून अनेकांचे डोळे पांढरे झाले होते. कोळशाची वीज इतकी स्वस्त मिळत असता ही उधळपट्टी कशासाठी, असा सवाल विचारला गेला आणि तो सर्वस्वी गैरही नव्हता. एप्रिल २०१२ मध्ये पाटण जिल्ह्यातील चारणका येथे सौर उद्यान उभे राहिले. पुढे पट्ट्यांच्या किमती कोसळल्या तेव्हा राज्याच्याच वीज निगमाला आपण जास्त दर कबूल केल्याचा पश्चात्ताप झाला; २०१३ साली त्याने दर कमी करून मिळावा म्हणून आयोगाकडे धाव घेतली. आयोगाने ती मागणी फेटाळली. दिलेला शब्द पंचवीस वर्षे पाळावयाचा तर तो गैरसोयीचा झाल्यावरही पाळावा लागतो, हे त्या निर्णयाने ठरले. आमच्या मते गुजरातच्या सौर यशाचे खरे बीज चारणक्याच्या समारंभात नसून या रूक्ष निकालपत्रात आहे. राज्य आपल्या करारातून मागे फिरत नाही, अशी कर्ज देणाऱ्या बँकेची खात्री पटली की व्याजाचा भार हलका होतो आणि व्याज उतरले की विजेचा दरही उतरतो. डिसेंबर २०२० मध्ये त्याच निगमाच्या लिलावात सौर विजेला युनिटामागे १ रुपया ९९ पैसे इतका नीचांकी दर मिळाला. पट्ट्या स्वस्त झाल्या त्या मुख्यतः चीनच्या अवाढव्य कारखान्यांमुळे, हे खरे; तथापि केवळ पट्टी स्वस्त झाल्याने वीज दोन रुपयांच्या आत येत नसते.

दुसरे श्रेय वीज कंपन्यांचे. २००३ च्या वीज कायद्यानंतर जुन्या गुजरात वीज मंडळाची विभागणी झाली व एप्रिल २००५ पासून चार वितरण कंपन्या वेगळ्या कारभार करू लागल्या. सुरतेत मुख्यालय असलेली दक्षिण गुजरात वीज कंपनी ही त्यांपैकी एक. शहराच्या जुन्या भागात टोरेंट या खाजगी कंपनीची वीज असते, बाहेरच्या वाढत्या पट्ट्यात या सरकारी कंपनीची. त्याच सुमारास 'ज्योतिग्राम' योजनेखाली शेतीच्या वीजवाहिन्या गावठाणाच्या वाहिन्यांपासून अलग केल्या गेल्या, त्यामुळे वीज कोठे जाते आणि कोठे मुरते याचा पत्ता लागू लागला. हे काम दिसावयास निरस, पण त्याचा परिणाम दूरगामी झाला. ज्या कंपनीचे हिशेब नीट आहेत तीच सौर प्रकल्पवाल्याचे देणे वेळेवर चुकविते. ज्या राज्यांत वितरण कंपन्या कर्जात बुडालेल्या आहेत, तेथे उत्तम धोरणेही कागदावर राहतात. याला कायद्याचा टेकू आहे: त्याच कायद्याच्या ८६ व्या कलमान्वये आपल्या एकूण विजेचा ठराविक हिस्सा पुनर्नवीकरणक्षम साधनांतून घेणे वितरण कंपनीवर बंधनकारक करता येते. केंद्राने हा हिस्सा २०२४-२५ साठी २९.९१ टक्के व २०२९-३० साठी ४३.३३ टक्के असा ठरवून दिला असून त्यांतील काही भाग छपरांसारख्या विखुरलेल्या लहान संचांतून आला पाहिजे, अशी अट घातली आहे. म्हणजे छपरावरची वीज ही कंपनीने केलेली मेहेरबानी नव्हे. तिची ती गरज आहे.

घरगुती ग्राहकासाठी गुजरात सरकारने २०१९ साली 'सूर्य गुजरात' योजना आणली. तीन किलोवॉटपर्यंत चाळीस टक्के अनुदान आणि शिल्लक विजेला युनिटामागे सव्वादोन रुपये, अशी तिची रचना होती. केंद्राची आजची योजना एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन वा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये देते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने नियम बदलून दहा किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी तांत्रिक तपासणीची अट काढून टाकली. पाच किलोवॉटपर्यंत तारा व रोहित्र सुधारावे लागले तर तो खर्च कंपनीच्या माथी ठेवला. दिवसा छपरावर तयार झालेली वीज जाळ्यात जाते, रात्री तितकीच परत मिळते आणि मीटर दोहोंचा फरक दाखवितो. ही पद्धत आता सुरतेच्या कित्येक घरांत परिचयाची झाली आहे. एवढे सर्व सुरळीत असताना तक्रार कशाची?

तक्रार अशी की एका किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी गच्ची लागते. नवागामच्या ज्या गृहस्थाने आयुष्यभराच्या कमाईतून स्वतःचे घर बांधले, त्याला ही योजना लाभते आणि लाभावी. इमारतीत सदनिका घेतलेल्याची वाट थोडी अवघड. गच्ची सामाईक, सोसायटीचा ठराव हवा, एकाचा होकार तर दुसऱ्याचा नकार. अशा सोसायट्यांच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८ हजार रुपये अनुदान आहे, पण त्यातून उद्वाहक व जिन्यातले दिवे चालतात, घरातला पंखा नव्हे. आणि जो खोलीत भाड्याने राहतो, त्याला या योजनेत स्थानच नाही. पुष्कळ ठिकाणी मुख्य मीटर घरमालकाच्या नावे असतो, खोलीत पोटमीटर असतो आणि मालक सांगेल तो दर भाडेकरू मुकाट्याने देतो. आता असे समजा की मालकाने सरकारी अनुदान घेऊन गच्चीवर तीन किलोवॉटच्या पट्ट्या बसविल्या. त्याचे बिल शून्यावर येईल. पोटमीटरचा दर मात्र उतरण्याचे काही कारण नाही. तो ठरविणारा मालकच! सार्वजनिक तिजोरीतून ७८ हजार रुपये गेले, सूर्य फुकट तळपला आणि मागावर बारा तास उभा राहणारा माणूस पूर्वीइतकेच पैसे मोजीत राहिला. मालकाला दोष द्यावा असे आम्ही म्हणत नाही. कायद्याने दिलेले तो घेतो. धोरणाची आखणी करणाऱ्यांनी मात्र सामान्य नागरिक म्हटला की तो घराचा धनी असणारच, असे गृहीत धरलेले दिसते.

या मंडळींचे मूळ गाव पाहिले म्हणजे हा विरोधाभास अधिकच बोचतो. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचे वन उभे आहे. त्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून चालू आहे. तेथून जवळच शिंदखेडा तालुक्यातील विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याने वीज प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीचा योग्य मोबदला मिळेना म्हणून जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत मंत्रालयात विष घेतले आणि काही दिवसांत त्याचा अंत झाला. त्याच्याही आधी, उकाई धरण झाले तेव्हा, सुरत जिल्ह्याबरोबर त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातील गावेही पाण्याखाली गेली. धरणाच्या पाण्यावर तीनशे मेगावॉट वीज निघू लागली व सुरत शहर वाढले. वारा, ऊन आणि पाणी या तिन्हींसाठी खानदेशाने जमीन दिली. त्या खानदेशातून पोटासाठी निघालेला माणूस सुरतेस येतो, तेव्हा येथील उन्हातही त्याचा वाटा निघत नाही.

वीज कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. चांगले पैसे देणारे ग्राहक छपराकडे वळले तर तारा, रोहित्रे, कर्मचारी यांचा खर्च उरलेल्यांवर पडतो, ही तिची भीती खोटी नाही. दुपारी सूर्याची वीज मुबलक आणि संध्याकाळी मागणीचा कळस, हेही तिचे दुखणे आहे. म्हणूनच केंद्राने जून २०२३ मध्ये वेळेनुसार दर ठेवण्याचा नियम केला. पण हे दोन्ही मुद्दे भाडेकरूच्या विरुद्ध जात नाहीत, उलट त्याच्या बाजूचेच आहेत. बंगलेवाला जाळ्यातून निसटतो आणि त्याच्या वाट्याचा स्थिर खर्च खोलीवाल्यावर सरकतो. मग ज्याच्यावर भार सरकतो त्याला लाभातही हिस्सा मिळणे हा साधा न्याय नव्हे काय? शिवाय सुरतेची मागणी यंत्रमागांची आहे. भर दुपारी येथे माग थांबत नाहीत. नवागामच्या छपरावर निघालेली वीज उधन्यातच खपेल. तिला शेकडो मैल वाहून नेताना होणारी गळती टळेल. देशातील फार थोड्या शहरांना ही सोय आहे.

उपाय नवीन शोधावयास नकोत. दिल्लीच्या नियामक आयोगाने २०१९ मध्येच आभासी नेट मीटरिंगची पद्धत आखली. पट्ट्या एका ठिकाणी बसवावयाच्या, तेथील युनिटे अनेक ग्राहकांच्या बिलांत ठरलेल्या हिश्शाने वजा करावयाची. सूर्यघर योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतही अशा संचांना अनुदानाचे दार उघडे ठेवले आहे. डिसेंबर २०२४ मधील सूचनांनुसार तर वितरण कंपनी स्वतःच ग्राहकांच्या वतीने संच बसवू शकते. महाराष्ट्र सरकारने २०२५ साली दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला केवळ अडीच हजार रुपये भरून एक किलोवॉटचा संच मिळेल अशी योजना मंजूर केली. तिलाही छप्पर लागतेच, पण गरीब ग्राहकाकडे पाहण्याची दृष्टी तरी तीत आहे. गुजरातला सामुदायिक प्रयोगांचे वावडे मुळीच नाही. गांधीनगरात कंपन्यांनी लोकांची छपरे भाड्याने घेऊन त्यांना युनिटामागे तीन रुपये दिले. खेडा जिल्ह्यातील धुंडी गावात २०१६ साली सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढून उरलेली वीज वीज कंपनीला विकली. त्याच वाटेने पुढे जाऊन राज्याने २०१८ मध्ये शेतकऱ्यासाठी 'सूर्यशक्ती किसान योजना' आणली व पहिली सात वर्षे युनिटास सात रुपये देण्याचे मान्य केले. शेतकऱ्यांची मंडळी चालते तर मागवाल्यांची का चालू नये? सहकार ही तर दोन्ही राज्यांची जुनी विद्या आहे. एक अट मात्र आवश्यक: पोटमीटरच्या जागी प्रत्येक खोलीस स्वतःच्या नावाचे वीजजोड मिळाले पाहिजे. त्याखेरीज कोणाच्या बिलातून किती वजा करावयाचे हा प्रश्नच उद्भवत नाही.

राहता राहिला प्रश्न छपराचा. ते महानगरपालिकेकडे आहे. सुरत पालिकेने अपारंपरिक ऊर्जेत मागे राहिल्याचा आरोप कोणी करू शकणार नाही. तिने सौराष्ट्रात स्वतःच्या पवनचक्क्या उभारल्या, आणि आंजणा येथील मलशुद्धी केंद्रातील वायूपासून वीज काढण्याचे काम २००३ सालीच केले. हे आंजणा लिंबायतच्या शेजारीच आहे. पालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा, त्यांत मराठी माध्यमाच्या शाळाही आल्या, या साऱ्या भागात विखुरलेल्या आहेत. त्यांच्या सपाट गच्च्यांना ना घरमालक, ना सोसायटीचा ठराव. शाळेची स्वतःची गरज दुपारपुरती आणि तीही थोडी. सुटीत, रविवारी, उन्हाळ्यात तर सारी वीज शिल्लकच. पालिकेने या गच्च्या द्याव्यात, दक्षिण गुजरात वीज कंपनीने त्यांवर पट्ट्या बसवाव्यात आणि त्यांची युनिटे त्याच प्रभागातील खोलीवाल्यांच्या बिलांत वळती करावीत. नियामक आयोगाने हिश्शाचे नियम भाडेकरूस समजतील असे सोपे करावेत आणि अर्ज मराठीतही मिळावेत. या भागाने मराठी आडनावांचे आमदार-खासदार निवडून दिलेले आहेत. गणेशोत्सवाच्या मंडपांत त्यांची भेट सुलभतेने होते, तशी ती या कामासाठी गांधीनगरातही व्हावी. अनुदानाची मुदत ३१ मार्च २०२७ रोजी संपत आहे. तिच्या आत एका शाळेच्या गच्चीवर हे करून दाखविण्यास लागणारा पैसा, कायदा आणि ऊन, या तिन्हींपैकी कशाचाही तुटवडा सुरतेस नाही.