एकाच ताटातला वाटा

आपल्याकडे एखाद्याला मधुमेहाचे निदान झाले, की डॉक्टरांच्या चिठ्ठीपाठोपाठ घरच्या मंडळींचा एक अलिखित हुकूमनामाही त्याच्यावर बजावला जातो. फराळाचे डबे वरच्या फळीवर जातात, पाहुण्यांपुढे फिरणारे तबक त्याच्यासमोरून मुकाट्याने पुढे सरकते, आणि लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला, की त्याने स्वतः तोंड उघडण्यापूर्वीच शेजारचे कोणीतरी "यांना नको हो, यांना साखर आहे" असे परस्पर जाहीर करून मोकळे होते. या साऱ्यामागे जिव्हाळाच असतो, याविषयी मला तिळमात्र शंका नाही; तथापि हा विकार सोबत घेऊन पालघरात दीर्घकाळ संसार केल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे, की मधुमेही माणसाला वेगळे ताट वाढल्याने त्याच्या प्रकृतीचे फारसे भले होत नाही आणि त्याचे मन मात्र निष्कारण खचते. त्याला सर्वांच्याच ताटातला वाटा हवा असतो. फक्त तो मापाचा असावा लागतो.

हा प्रश्न आता दोन-चार घरांपुरता उरलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साह्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख, आणि या विकाराच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची सुमारे १३ कोटी ६० लाख इतकी मांडली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर अनेक वर्षांच्या संशोधनातून असे दाखवून दिले, की वजनाने कमी भरणाऱ्या भारतीय बालकाच्या अंगातही चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते. म्हणजे दिसायला सडपातळ असलेला माणूस या विकारापासून सुरक्षित असतो, हा आपला समज निराधार आहे. बोईसरच्या वसाहतीतून तारापूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी तरुण मंडळी, रात्रीच्या जागरणात भरपूर साखरेच्या चहावर आणि फाटकाबाहेरच्या वडापावावर पहाट काढतात, तेव्हा त्यांच्यापैकी कित्येकांना आपण कोणत्या उंबरठ्यावर उभे आहोत याची वार्ताही नसते.

खाण्याचा विचार करताना प्रथम एक गोष्ट स्वच्छ समजून घेतली पाहिजे, ती ही, की पदार्थ कोणत्या नावाने पोटात गेला याची शरीर यत्किंचितही दखल घेत नाही. त्यातून पिष्ट आणि शर्करा किती आली व ती किती वेगाने रक्तात उतरली, एवढेच त्याच्या लेखी जमा होते. म्हणून साखरेऐवजी गूळ घातला, मध घातला किंवा खजुराचा लाडू वळला, की तो मधुमेहीला निर्धास्तपणे द्यावा, ही समजूत सोडून दिलीच पाहिजे. टोरांटोच्या डॉ. डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८१ साली ग्लायसेमिक इंडेक्सचे जे मापन मांडले, ते वेग सांगते, परिमाण सांगत नाही. संथपणे चढणारा पदार्थही परातभर खाल्ला तर अखेर हिशेब चुकतोच. आणि 'शुगर फ्री' असे ठळक अक्षरांत लिहिलेल्या बिस्किटातही बहुधा मैदा असतो. पचल्यावर त्याचेही ग्लुकोजच होते, ही बाब मात्र त्या वेष्टनावर तितक्या ठळकपणे छापलेली नसते.

आपल्या या जिल्ह्यातच त्याची बोलकी उदाहरणे आहेत. वसईकडचे राजेळी केळे उन्हात वाळवून केलेली सुकेळी घ्या. तीत साखरेचा कण घातलेला नसतो, ही गोष्ट सत्य. परंतु पाणी उडून गेल्यावर केळ्याची स्वतःची साखर तेवढ्याशा जागेत एकवटते, म्हणून अखंड सुकेळी हा मधुमेहीचा खाऊ होऊ शकत नाही. तिचा नखाएवढा काप जिभेवर ठेवून सावकाश विरघळू दिला, तर मात्र मधाळ, किंचित धुरकट अशी जी चव तोंडात रेंगाळते, तिच्यापुढे बाजारातली मिठाई फिकी पडावी. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला डहाणू-घोलवडचा चिकूही तसाच: शंभर ग्रॅम गरात सुमारे वीस ग्रॅम कर्बोदके असतात, तेव्हा मध्यम आकाराचे अर्धे फळ, तेही जेवणावर न चढवता मधल्या वेळी, ही माझ्या घरची सर्वमान्य तजवीज आहे. पहाटे उतरवलेली ताजी नीरा आरोग्यदायी म्हणून पेल्यामागून पेले रिचवणाऱ्यांनीही तिच्यात भरपूर शर्करा असते, हे ध्यानात ठेवावे.

परंतु निषेधांची यादी वाचून कोणाचे समाधान झाले आहे? मला आस्थेने सांगायचे आहे ते हे, की सह्याद्रीचा पायथा आणि समुद्र यांच्यामधल्या या चिंचोळ्या पट्टीत मधुमेहीने आनंदाने खावे असे जिन्नस ऋतुमानाप्रमाणे अक्षरशः दारात येतात. चैत्र-वैशाखात पालघर, बोईसर, वाणगाव या स्थानकांबाहेर आदिवासी भगिनी ताडफळांच्या राशी मांडून बसतात. कोयत्याच्या दोन-तीन घावांत काळपट टरफल उडते, आतल्या खाचांतून अंगठ्याने गोळे अलगद सुटतात. त्यांच्यावरची पिवळसर, तुरट साल नखाने सोलली की खाली दुधी, पारदर्शक गर उरतो, आणि तो दाताखाली फुटताच पोटातले चमचाभर गार पाणी टाळ्यावर उसळते. या फळात जलांश फार मोठा, त्यामुळे आंबा-चिकूच्या मानाने साखरेचा भार थोडा. दोन-तीन ताडगोळे खाऊन उन्हाळ्याची दुपार साजरी करता येते. पुढे बहाडोलीची टपोरी जांभळे येतात, त्यांनाही आता भौगोलिक मानांकन लाभले आहे. त्यांचा वाटीभर आस्वाद जरूर घ्यावा. मात्र जांभळाच्या बियांचे चूर्ण मिळाले म्हणून डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करण्याचे धाडस कोणी करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

थंडीत हंगाम पालटतो. वालपापडी, शेवग्याच्या शेंगा, वांगी, कोनफळ आणि रताळी यांना हिरवे वाटण चोळून, हंडीत घालून आपल्याच वाफेवर शिजवलेली उकडहंडी ही या किनाऱ्याची खरी मेजवानी; मधुमेहीने तिच्यात शेंगा आणि दाणे सढळ हाताने घ्यावेत, कंदाच्या दोन फोडींवर समाधान मानावे, आणि बाकीच्यांच्या मांडीला मांडी लावून बसावे. सातपाटीच्या किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर वाळलेले बोंबील तर बारमाही. डोके-शेपूट काढून ते निखाऱ्यावर असे भाजावेत की कडा तांबूस होऊन तडतडू लागतील. मग हातानेच चुरडून त्यांवर बारीक कांदा, कोथिंबीर घालून लिंबू पिळावे. मासळीत कर्बोदके जवळजवळ नसतातच, त्यामुळे संध्याकाळी काहीतरी कुरकुरीत हवे, ही वासना फरसाणाची पुडी न फोडता पूर्ण तृप्त होते. मिठाचे प्रमाण मात्र रक्तदाब किंवा मूत्रपिंडाची तक्रार असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. शाकाहारी मंडळींसाठी मूठभर उकडलेल्या शेंगा, भाजलेले चणे, मोड आलेल्या कडव्या वालांची लिंबू पिळलेली उसळ, काकडीच्या फोडी आणि मिरपूड भुरभुरलेला पेरू यांची तरतूद अल्प खर्चात होते.

आता प्रत्यक्ष गोडाविषयी. गणपतीत उकडीचा मोदक ताटात आला तर तो नाकारण्याचे मला कारण दिसत नाही. त्या दिवशी भाताची मूद त्या मानाने कमी करावी, आधी कोशिंबीर, उसळ किंवा आमटी पोटात जाऊ द्यावी, मोदक शेवटी खावा, आणि जेवणानंतर लवंडण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटे शतपावली घालावी. याच क्रमाने खाल्लेल्या त्याच अन्नाने रक्तशर्करा कमी चढते, हे आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. आमच्या घरी पाडव्याला चक्का घट्ट बांधून, निम्म्याहून कमी साखर घालून, जायफळ आणि वेलची किंचित वाढवून श्रीखंड करतात, आणि ते सगळे घर एकाच पातेल्यातून लहान वाट्यांत घेते. शरीराचा स्वभाव मात्र माणसागणिक निराळा. म्हणून नवा पदार्थ खाल्ल्यावर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर स्वतःची खातरजमा करून घ्यावी आणि त्याची नोंद ठेवावी.

याच विषयाची दुसरी, अधिक गंभीर बाजूही सांगितली पाहिजे. इन्सुलिन घेणाऱ्या किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या माणसाची जेवणाची वेळ टळली, कामाची पाळी लांबली अथवा डहाणू लोकल मध्येच अडकून पडली, तर घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे दिसू लागतात. त्या घडीला साखर हेच औषध: तीन चमचे साखर, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, पाण्यातून ताबडतोब द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, जरूर तर तितकीच पुन्हा द्यावी; माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा. साखरेची पुडी खिशात बाळगणाऱ्या मधुमेहीकडे संशयाने पाहू नये, एवढी जाण सहप्रवाशांना आणि पाळीच्या मुकादमालाही असणे अगत्याचे आहे.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. तारापूरच्या कारखान्यांच्या उपाहारगृहांत चहा बिनसाखरेचा करावा आणि साखर बाजूला, ज्याने त्याने घालून घेण्यासाठी ठेवावी. वड्यांच्या शेजारीच उकडलेल्या शेंगा आणि चणे मांडावेत. लग्नघराने गोडाच्या वाट्या सर्वांसाठीच लहान कराव्यात, म्हणजे कोणा एकाला नकार उच्चारण्याची पाळी येणार नाही. आणि वाढणाऱ्याने मधुमेही पाहुण्याच्या शेजाऱ्याला काही न विचारता, त्या पाहुण्यालाच अदबीने विचारावे, "आपल्याला किती वाढू?" स्वतःचे माप जाणणारा माणूस त्याचे उत्तर निश्चित देईल, आणि तेवढा अधिकार त्याच्याकडे राहू देणे हे आपल्या आतिथ्याचे कर्तव्यच आहे.