घरचं औषध : रोशाचं तेल थेंबानं, पळीनं नव्हे

भगिनींनो, शहाद्याकडच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. सासूबाईंचे गुडघे धरतात म्हणून घरात होतं ते रोशाचं तेल त्यांनी तळहातावर ओतून चांगलं चोळलं. रात्री कातडी लाल झाली, आग आग झाली. “तेल खराब होतं का?” असं त्या विचारतात.

तेल खराब नव्हतं, बाई. माप चुकलं.

रोशा गवत आपल्या खानदेशाला नवं नाही. विदर्भात त्यालाच तिखाडी म्हणतात. गवती चहाच्याच कुळातलं, पण वास गुलाबाच्या वळणाचा. पावसाळा सरता सरता ते माणसाएवढं वाढून तुरे धरतं. तेल असतं ते तुऱ्यांत आणि पानांत, दांड्यात अगदी थोडं. म्हणून फुलोरा आला की कापणी करतात. मोठ्या भांड्यात गवत उकळतात, त्याची वाफ नळीनं थंड पाण्यातून नेतात. वाफेचं पाणी होतं आणि त्यावर तेल तरंगतं. शंभर किलो ओल्या गवतातून अर्धा किलोसुद्धा तेल मिळत नाही. आता तुम्हीच हिशेब करा. छोट्या बाटलीत गवताचा केवढा भारा बसलाय! ते तिळाच्या तेलासारखं ओतून कसं चालेल?

या तेलाची एक गंमतही ऐका. एकोणिसाव्या शतकात नंदुरबार, शहादा, तळोदा या भागातलं तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेनं तुर्कस्तानात जाई आणि तिथून बल्गेरियात. तिथले व्यापारी ते गुलाबाच्या अत्तरात मिसळत. बाजारात त्याला नाव पडलं ‘तुर्की जिरेनियम’. गवत आपल्या डोंगरातलं आणि नाव तुर्कांचं! आजही साबण आणि अत्तरं करणारे हे तेल घेतात. त्यातही कोरड्या, उघड्या उतारावरच्या ‘मोतिया’ जातीला मान आहे. दाट, ओलसर रानातली ‘सोफिया’ दिसायला तशीच, पण तेल हलकं. तेव्हा बरड रानात लावायचा विचार असेल तर घरधन्यांना सांगा, बी ओळखीच्या, खात्रीच्या ठिकाणचंच घ्या.

आता वापराचं. सांधे, कंबर दुखली की हे तेल चोळायची जुनी चाल आहे. त्यानं थोडा वेळ ऊब वाटते, आराम पडतो. संधिवात मात्र त्यानं बरा होत नाही. सूज, ताप असेल तर डॉक्टरांना दाखवा. मच्छरही या वासानं थोडा वेळ दूर राहतात, पण त्यावर विसंबून मच्छरदाणी सोडू नका.

चोळायचं कसं? चहाच्या चमचाभर तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात रोशाचे दोन थेंब, बस्स. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. खाज, लाली आली नाही तरच पुढं वापरा. जखमेवर, डोळ्यांजवळ लावू नका. तान्ह्या मुलांना आणि गरोदर बाईला तर नकोच.

तेल शुद्ध आहे का, हे थोडंफार घरी कळतं. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. दुसऱ्या दिवशी तेलकट डाग राहिला, तर त्यात खाण्याचं तेल मिसळलंय असं समजा.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट. हे तेल पोटात घ्यायचं नाही. पोटदुखीवर नाही, जंतावर नाही, साखरेवर टाकूनही नाही. हीच गोष्ट निलगिरीच्या तेलाची आणि कापराच्या तेलाची. लहान मुलाच्या पोटात ही दोन तेलं थोडी गेली तरी झटके येऊ शकतात. औषधाच्या रिकाम्या बाटलीत अशी तेलं भरून फडताळात ठेवायची आपली सवय असते, आणि घात तिथंच होतो. गडद काचेच्या बाटलीत भरा, चिठ्ठी चिकटवा, मुलांचा हात पोचणार नाही आणि चुलीची झळ लागणार नाही अशा जागी ठेवा.

चुकून पोटात गेलंच, तर मीठपाणी पाजून ओकारी काढू नका. ओकताना तेल फुफ्फुसात उतरलं तर जास्त वाईट. बाटली बरोबर घ्या आणि तडक दवाखाना गाठा. डोळ्यांत गेलं, तर स्वच्छ पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन मग डॉक्टरांकडे जा.

शहाद्याच्या भगिनींनी सासूबाईंची कातडी पूर्ण बरी होऊ द्यावी. मग दोन थेंबांचं माप धरून आधी कोपरावर पाहावं. पण तेव्हाही खाज, लाली आली तर हे तेल त्यांना सोसत नाही असं समजून नाद सोडावा. गुडघ्यांना गरम पाण्याचा शेक आहेच.

पुढच्या अंकी ओव्याच्या फुलाविषयी.