शपथ एक, मापे दोन

शपथ घेऊन खोटे बोलणे हा अमेरिकेच्या संघीय कायद्यात 5 वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाचा गुन्हा आहे. साक्षीदार खोटे बोलला एवढ्यावर मात्र तो शाबीत होत नाही. विधान असत्य हवे, ते असत्य असल्याचे बोलणाऱ्याला ठाऊक हवे आणि चौकशीच्या निकालावर परिणाम होऊ शकेल इतके ते मूळ प्रकरणाशी निगडित हवे. 1973 साली ब्रॉन्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे माप आणखी काटेकोर केले. चित्रपटनिर्माते सॅम्युअल ब्रॉन्स्टन यांना दिवाळखोरीच्या सुनावणीत विचारण्यात आले की स्विस बँकेत तुमचे खाते कधी होते का. कंपनीचे झुरिकमध्ये सहा महिने खाते होते, असे उत्तर त्यांनी दिले. ते खरे होते. स्वतःच्या जुन्या स्विस खात्याबद्दल मात्र त्यांनी चकार शब्द काढला नाही. न्यायालयाने एकमताने त्यांना सोडले. अक्षरशः खरे असलेले उत्तर दिशाभूल करणारे असले तरी ती खोटी साक्ष ठरत नाही. साक्षीदार निसटू पाहत असेल तर पुढचा नेमका प्रश्न विचारणे हे वकिलाचे काम, असा हा निकाल आहे.

पक्षाची इभ्रत पणाला लागलेली नसते तेव्हा अमेरिकी काँग्रेसलाही हे माप नीट वापरता येते. मिसिसिपीतले संघीय न्यायाधीश वॉल्टर निक्सन यांना ग्रँड ज्युरीपुढे खोटी साक्ष दिल्याबद्दल 1986 मध्ये दोषी ठरवण्यात आले. तुरुंगात गेल्यावरही त्यांनी राजीनामा दिला नाही. 1989 मध्ये प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर 417 विरुद्ध 0 मतांनी महाभियोग लावला आणि सेनेटने त्यांना पदावरून काढले. त्यांची नेमणूक डेमोक्रॅट अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी केलेली होती आणि सभागृहात बहुमतही डेमोक्रॅट पक्षाचेच होते. तरीही प्रतिनिधिगृहात त्यांच्या बाजूने एकही मत पडले नाही.

नऊ वर्षांनी हीच काँग्रेस बिल क्लिंटन यांच्यापुढे उभी राहिली तेव्हा ते एकमत औषधालाही उरले नव्हते. पॉला जोन्स यांनी 1994 मध्ये क्लिंटन यांच्यावर लैंगिक छळाचा दिवाणी दावा लावला. पदावर असलेल्या अध्यक्षालाही असा दावा टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये एकमताने सांगितले. त्या दाव्यात 17 जानेवारी 1998 रोजी शपथेवर जबानी देताना क्लिंटन यांनी व्हाइट हाउसमधल्या माजी प्रशिक्षणार्थी मोनिका लुइन्स्की यांच्याशी लैंगिक संबंध असल्याचे नाकारले. पुढे 17 ऑगस्टला ग्रँड ज्युरीपुढे त्यांनी अनुचित जवळीक मान्य केली, पण आधीची उत्तरे कायदेशीरदृष्ट्या खरीच होती, हा हेका सोडला नाही. जबानीत ‘लैंगिक संबंध’ या शब्दांची जी व्याख्या ठरवून दिली होती तिच्यात आपले वर्तन बसत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. ब्रॉन्स्टन निकालाने दाखवलेल्या वाटेवर राहण्याचा हा उघड प्रयत्न होता.

19 डिसेंबर 1998 रोजी प्रतिनिधिगृहाने ग्रँड ज्युरीपुढील खोट्या साक्षीचा आरोप 228 विरुद्ध 206 मतांनी मंजूर केला; न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याचा आरोपही मंजूर झाला. सेनेटमध्ये 12 फेब्रुवारी 1999 रोजी खोट्या साक्षीच्या आरोपावर 45 ‘दोषी’ आणि 55 ‘निर्दोष’, तर अडथळ्याच्या आरोपावर 50-50 अशी मते पडली. दोन्ही वेळा सगळेच्या सगळे 45 डेमोक्रॅट ‘निर्दोष’ म्हणाले. संबंध दोन सज्ञान माणसांच्या संमतीचा होता, जोन्स यांचा दावा न्यायालयाने आधीच निकालात काढला होता, म्हणजे मुळात गुन्हाच नाही, हा त्यांच्या बचावाचा गाभा. न्यायाधीशाला लावलेला नियम जनतेने निवडलेल्या अध्यक्षाला लावता येत नाही, असेही ते म्हणत, आणि घटनेच्या दृष्टीने या म्हणण्यात तथ्य होते. रिपब्लिकन वक्ते वॉल्टर निक्सन प्रकरणाचा दाखला पुन्हापुन्हा देत होते. विषय शरीरसंबंधाचा नाही, शपथेचा आहे. शपथ मोडली की न्यायालयेच मोडतात, असे ते सांगत होते. हे खरेच होते. रिपब्लिकन सेनेटरांपैकी 10 जणांनी खोट्या साक्षीचा आरोप शाबीत झाला नाही असे मत दिले, ही त्या मतदानातली सर्वात सन्माननीय बाब.

आठ वर्षांनी रिपब्लिकनांचे हेच शब्द त्यांच्यापुढे आले. 2003 च्या जुलैमध्ये माजी राजदूत जोसेफ विल्सन यांनी इराक युद्धासाठी दिलेल्या कारणांवर जाहीर लेखातून प्रश्न उपस्थित केले. साधारण आठवड्याभरात त्यांच्या पत्नी व्हॅलरी प्लेम या सीआयएच्या अधिकारी असल्याचे एका वृत्तपत्रीय सदरात छापून आले. चौकशीत उपाध्यक्ष डिक चेनी यांचे चीफ ऑफ स्टाफ लुईस ‘स्कूटर’ लिबी यांनी शपथेवर सांगितले की ही माहिती आपण टीव्ही पत्रकार टिम रसर्ट यांच्याकडून जणू प्रथमच ऐकली. रसर्ट यांनी ते नाकारले, आणि लिबी यांना त्याआधीच सगळे ठाऊक होते असे एकामागून एक साक्षीदार सांगत गेले. 6 मार्च 2007 रोजी ज्युरीने पाचपैकी चार आरोपांत त्यांना दोषी ठरवले. त्यात खोट्या साक्षीचे दोन होते आणि न्यायात अडथळा आणल्याचा एक.

आता ‘मूळ गुन्हाच नाही’ हा बचाव रिपब्लिकनांच्या तोंडी आला. सदरकाराला नाव प्रथम सांगणारे परराष्ट्र खात्याचे रिचर्ड आर्मिटेज होते आणि नाव फोडल्याबद्दल कोणावरच खटला झाला नाही, हे त्यांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होते. पण 1999 मध्ये त्यांनी स्वतःच हा बचाव धुडकावला होता. दोन्ही आरोपांवर क्लिंटन यांना दोषी ठरवणाऱ्या टेक्ससच्या सेनेटर के बेली हचिसन यांनी ऑक्टोबर 2005 मध्ये, लिबी यांच्यावर आरोपपत्र येण्याच्या तोंडावर, ते खऱ्या गुन्ह्याचे असावे, खोट्या साक्षीच्या तांत्रिक मुद्द्याचे नसावे, अशी आशा व्यक्त केली. न्यायात अडथळा आणल्याबद्दल क्लिंटन यांना दोषी मानणारे माजी सेनेटर फ्रेड थॉम्पसन त्याच गुन्ह्यात दोषी ठरलेल्या लिबी यांना माफी मिळावी म्हणून पुढे सरसावले. उलट बाजूला, 1998 मध्ये महाभियोगाच्या विरोधात मत देणाऱ्या डेमोक्रॅट नेत्या नॅन्सी पेलोसी 2007 मध्ये लिबी यांची शिक्षा कमी झाल्याचा निषेध करत होत्या. दोन्ही प्रकरणे तंतोतंत सारखी नव्हती. एकात दिवाणी दावा आणि खासगी आयुष्य होते, दुसऱ्यात गुप्तचर अधिकाऱ्याची ओळख. पण हा फरक ज्याला-त्याला आपल्या माणसापुरताच दिसला.

लिबी यांना 30 महिन्यांची कैद आणि अडीच लाख डॉलर दंड झाला होता. 2 जुलै 2007 रोजी, अपील न्यायालयाने त्यांना बाहेर ठेवण्यास नकार दिल्यावर काही तासांतच, अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी कैद अतिकठोर म्हणून रद्द केली. दंड कायम ठेवला. त्याच्या अकराच दिवस आधी, 21 जूनला, सुमारे 25 वर्षे सैन्यात सेवा केलेल्या एका माणसाची खोट्या साक्षीबद्दलची 33 महिन्यांची कैद सर्वोच्च न्यायालयाने कायम केली होती. शिक्षा मार्गदर्शक तत्त्वांच्या मर्यादेत असल्याने ती वाजवी मानावी, असा युक्तिवाद तेथे बुश यांच्याच सरकारच्या वकिलांनी केला होता. संपूर्ण प्रकरणातली सर्वात बोचरी गोष्ट हीच.

माफीचा अधिकार असा वापरणारे बुश एकटे नव्हेत. त्यांच्या वडिलांनी अध्यक्ष असताना 24 डिसेंबर 1992 रोजी इराणला गुप्तपणे शस्त्रे विकल्याच्या इराण-काँट्रा प्रकरणातल्या सहा जणांना माफी दिली. काँग्रेसपुढे खोटे बोलल्याबद्दल नुकतेच दोषी ठरलेले सीआयएचे क्लेअर जॉर्ज त्यांत होते आणि ज्यांचा खटला अजून उभाही राहिला नव्हता ते माजी संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गरही. क्लिंटन यांनी पदाच्या अखेरच्या दिवशी आपले माजी मंत्री हेन्री सिस्नेरोस यांना माफ केले. प्रेयसीला दिलेल्या पैशांबद्दल त्यांनी एफबीआयला खोटी माहिती दिली होती. 2018 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी लिबी यांना संपूर्ण माफी दिली, तर 2020 मध्ये काँग्रेसपुढे खोटे बोललेले आपले जुने सहकारी रॉजर स्टोन यांची कैद आधी रद्द केली आणि मग त्यांना माफ केले.

न्यायालयांची वागणूक याहून बरीच सरळ राहिली. जोन्स यांचा दावा क्लिंटन यांच्या बाजूने निकालात काढणाऱ्या न्यायाधीश सुझन वेबर राइट यांनीच एप्रिल 1999 मध्ये जाणूनबुजून खोटी उत्तरे दिल्याबद्दल त्यांना न्यायालयाच्या अवमानाचे दोषी ठरवले आणि सुमारे 90 हजार डॉलर भरायला लावले. 19 जानेवारी 2001 रोजी क्लिंटन यांनी काही उत्तरे खोटी होती हे मान्य करून पाच वर्षांसाठी वकिलीची सनद गमावली. लिबी यांना शिक्षा देणारे न्यायाधीश रेजी वॉल्टन बुश यांनीच नेमलेले होते.

तपासयंत्रणेच्या कायद्याचे मात्र दोन्ही पक्षांनी मिळून नुकसान केले. वॉटरगेटनंतर, 1978 मध्ये, सत्ताधाऱ्यांच्या चौकशीसाठी न्यायाधीशांनी नेमलेल्या स्वतंत्र सरकारी वकिलाची तरतूद झाली. इराण-काँट्राचा तपास आपल्या लोकांपर्यंत पोचल्यावर रिपब्लिकनांनी विरोध केला आणि 1992 मध्ये कायद्याची मुदत संपू दिली गेली. 1994 मध्ये क्लिंटन यांनी सही करून तो पुन्हा आणला. त्याच कायद्याखाली नेमलेल्या केनेथ स्टार यांनी क्लिंटन यांना घेरल्यावर डेमोक्रॅटांनाही तो नकोसा झाला, आणि 30 जून 1999 रोजी तो दोन्ही पक्षांच्या संमतीने संपला. तेव्हापासून विशेष वकील नेमणे आणि गैरवर्तनासारख्या कारणावरून त्याला काढणे हे न्याय खात्याच्या, म्हणजे अध्यक्षांनी नेमलेल्या ॲटर्नी जनरलच्या हाती आहे. दोषी ठरलेल्याला माफी द्यायची की नाही हे अध्यक्ष ठरवतात, आणि त्या निर्णयावर अपील नाही.