खिदमत म्हणजे खाटेला खिळवणं नव्हे

आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास माझे अब्बा डायलिसिसच्या खुर्चीवर असतात. उरलेले दिवस आम्हीच त्यांना उठू देत नव्हतो. पाण्याचा ग्लाससुद्धा हातात द्यायचो. याला आम्ही खिदमत म्हणत होतो!

मूत्रपिंड निकामी झालं की रक्ताच्या लाल पेशी बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन घटतं. त्यात शरीरात दाह असला की हेप्सिडिन वाढतं आणि साठलेलं लोहही अडकून पडतं. ब्राझीलमध्ये डायलिसिसवरच्या वृद्धांना काही महिने ताकदीचा व्यायाम दिला, तेव्हा हेप्सिडिन घटलं आणि लोह शरीराला मिळू लागलं. इंजेक्शनं बंद करायची नाहीतच. पण निव्वळ इंजेक्शनांनी मांडीत बळ येत नाही.

मग सेंटरमध्ये फिजिओथेरपिस्ट का नाही? आपण कधी विचारलं? दोस्तांनो, जिममध्ये आपण रोज वजनं उचलतो. घरच्या बुजुर्गांना मात्र ‘आराम करा’ एवढंच सांगतो. डॉक्टरांचा सल्ला घेऊन, फिस्टुलाचा हात सांभाळून, त्यांना खुर्चीतून दहा वेळा उठ-बस तरी करू द्या.

अब्बांना जुम्म्याला मशिदीची पायरी स्वतः चढायची आहे. हात पुढे करू या, उचलून नको घेऊ या.