गिरणगाव सुरक्षित झालं म्हणता, ते कुणासाठी?

प्रति,
मा. प्रधान सचिव,
नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

विषय : गिरण्यांच्या जमिनीतला शहराचा आणि कामगारांचा वाटा

महोदय,

2001 साली राज्य सरकारने मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतला 58 क्रमांकाचा नियम बदलला. काय बदललं, ते आपल्या विभागाला ठाऊक आहे. त्याचे परिणाम मात्र फायलीत दिसत नाहीत. ते लोअर परळ, करी रोड, चिंचपोकळी, लालबाग, शिवडीच्या रस्त्यांवर दिसतात, म्हणून हे पत्र.

गिरणगावाबद्दल गेली काही वर्षं एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. हा गुंडापुंडांचा भाग होता, दिवेलागणीनंतर बाहेरचा माणूस इथे पाऊल टाकायला धजावत नसे. मग टॉवर आले, मॉल आले, कंपन्यांची कार्यालयं आली आणि भाग सुधारला. घरं विकणारे दलाल हे सांगतात, जाहिराती सांगतात आणि शिकलीसवरली माणसंही मान डोलावतात. गिरण्यांच्या जमिनींचं जे झालं ते बरंच झालं, असं म्हणायला हाच आधार पुढे केला जातो. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. मी ना. म. जोशी मार्गाजवळच्या चाळीत वाढले आणि आजही तिथेच राहते. म्हणून सांगते, गुंडापुंडांच्या वस्तीची ही गोष्ट खोटी आहे.

गिरण्या चालू होत्या तेव्हा या भागात तीन पाळ्या होत्या. मध्यरात्री दुसरी पाळी सुटायची, तिसरी आत शिरायची. त्या वेळीही रस्त्यावर शेकडो माणसं असत. चहाची दुकानं उघडी असत, खानावळवाल्या बायका पहाटेच्या डब्याच्या तयारीला लागलेल्या असत. उन्हाळ्यात खोलीत मावत नाहीत म्हणून माणसं गॅलरीत नाहीतर फुटपाथवर पथारी टाकत. चाळीची दारं दिवसभर उघडी आणि प्रत्येक गॅलरीचं तोंड रस्त्याकडे किंवा चौकाकडे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाची बायको नळावर गेली तर पोर शेजारणीच्या मांडीवर. इथे भांडणं होत नव्हती असं मी म्हणत नाही. दारू होती, मारामाऱ्या होत्या, घराघरांत बायका मार खात होत्या. पण रस्ता ओसाड नव्हता. एकट्या बाईच्या हाकेला ओ देणारं कुणीतरी कायम जागं असे.

मग हा भाग बदनाम झाला तो केव्हा? 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप आजतागायत रीतसर मागे घेतला गेलेला नाही. ज्या घरात बाप, काका आणि थोरला भाऊ तिघंही गिरणीत, त्या घराची चूल एकदम थंडावली. बायकांनी भांडी विकली, मंगळसूत्रं विकली. कुणी गावी गेलं, कुणी भाजीची पाटी डोक्यावर घेतली. आणि वीस-बावीस वर्षांच्या पोरांपैकी काहीजण टोळ्यांच्या हाती लागले. त्यांना दुसरं काम देणारं तेव्हा कुणी आलं नाही. या भागातली गुंडगिरी बेकारीतून वाढली आणि ती बेकारी गिरणी मालकांनी आणि सरकारने मिळून लांबवली.

गोळ्या चालल्या त्याही कशापायी, ते आठवा. 7 मे 1994 ला गिरणी मालक सुनीत खटाव यांचा महालक्ष्मीजवळ भर दिवसा खून झाला. 16 जानेवारी 1997 ला दत्ता सामंतांना पवईत गोळ्या घातल्या. त्या वर्षांत गिरण्यांच्या जमिनीला सोन्याचा भाव यायला लागला होता आणि कामगारांच्या संघटनांमध्ये बंदुका शिरल्या होत्या. ज्या जमिनीने हा भाग धोक्याचा केला, तीच विकून भाग सुधारल्याचं श्रेय आज घेतलं जातं.

आता मूळ मुद्द्यावर येते.

1991 चा नियम साधा होता. बंद गिरणीची जमीन विकसित करायची, तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला बागा, मैदानं, शाळा, दवाखान्यांसाठी. एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी. उरलेली एक तृतीयांश मालकाला. मध्य मुंबईतल्या गिरण्यांची मिळून सुमारे 600 एकर जमीन होती. म्हणजे शहराला 200 एकर मोकळी जागा आणि सामान्यांच्या घरांना 200 एकर. या दाटीवाटीच्या शहराला एवढी जमीन एका ठिकाणी पुन्हा कधीही मिळणार नाही.

2001 च्या बदलाने वाटणी फक्त 'मोकळ्या' जमिनीची करायची असं ठरलं. शेडखाली, चिमणीखाली, गोदामाखाली असलेली जमीन वाटणीतून बाहेर पडली. पंधरा एकरांची गिरणी धरा. बारा एकरांवर बांधकाम, तीन एकर मोकळे. जुन्या नियमाने शहराला पाच, म्हाडाला पाच, मालकाला पाच. नव्या नियमाने शहराला एक, म्हाडाला एक, मालकाला तेरा. जुन्या नियमात मालकांना जमीन विकासाला काढण्यात रस वाटत नाही, हे तेव्हाचं कारण होतं. रस वाटावा म्हणून पाचाचे तेरा करायचे? ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला, 7 मार्च 2006 ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. नियम कायदेशीर ठरला. पण तो न्याय्य आहे का, हा प्रश्न धोरण करणाऱ्यांना विचारायचा असतो आणि तो मी आपल्याला विचारते आहे.

2005 सालीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पाच गिरण्यांच्या जमिनी सुमारे 2,020 कोटी रुपयांना विकल्या गेल्या. त्या सरकारी मालकीच्या गिरण्या होत्या.

कामगारांचं काय झालं? 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर जे गिरणीच्या पटावर होते त्यांना किंवा त्यांच्या वारसांना घर द्यायचं ठरलं. पावणेदोन लाखांच्या घरात अर्ज आले. पहिली सोडत निघाली जून 2012 मध्ये, संपानंतर तीस वर्षांनी. घरं 6,925, प्रत्येकी 225 चौरस फुटांची. 2016 मध्ये दोन सोडती, 2,634 आणि 2,417. मार्च 2020 मध्ये 3,894. बेरीज होते 15,870. अर्ज केलेल्या शंभरांपैकी जेमतेम नऊ जणांना घर लागलं. त्यातली 2,417 घरं पनवेलच्या कोन गावातली. सोडत 2016 ची, पण ताब्यासाठी माणसं वर्षानुवर्षं खेपा घालत राहिली. कोविडच्या काळात तिथे विलगीकरण केंद्र केलं गेलं आणि कामगारांचं थांबणं आणखी लांबलं.

उरलेल्यांना आता शेलू आणि वांगणीची घरं दाखवली जातात. बदलापूरच्याही पुढे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास. घरं 81 हजार आणि घरामागे कामगाराने भरायचे साडेनऊ लाख. ते घर नाकारलं तर हक्क संपेल, अशी अट 2024 च्या शासन निर्णयात घातली गेली. 9 जुलै 2025 ला म्हातारी माणसं काठी टेकत आझाद मैदानात येऊन बसली, तेव्हा कुठे ती अट काढू असं बोललं गेलं. सत्तरीचा माणूस डायलिसिससाठी वांगणीहून लोकल पकडून परळला येणार, असं हे नियोजन आहे. परळची रुग्णालयं ज्या वस्तीच्या उशाशी आहेत, त्या वस्तीतल्या माणसाला त्यांच्यापासून इतकं दूर धाडायचं, हे कुणाच्या हिताचं आहे?

आता 'सुरक्षित' झालेल्या गिरणगावाकडे येऊ.

29 सप्टेंबर 2017. सकाळची वेळ, पाऊस, एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा अरुंद पूल. चेंगराचेंगरीत 23 माणसं मेली. गिरण्यांच्या जागी कार्यालयं उभी राहिली, रोज लाखो माणसं या स्थानकांवर उतरू लागली आणि पूल तेच राहिले. बरोबर तीन महिन्यांनी, 29 डिसेंबरला मध्यरात्र उलटल्यावर, कमला मिलच्या आवारात छतावरच्या उपाहारगृहाला आग लागली. बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या. 14 माणसं गेली, त्यातल्या बऱ्याच तरुण मुली होत्या. तीन महिन्यांत 37 मृत्यू. यातला एकही टोळीयुद्धात झाला नाही. ही माणसं नियोजनाने मारली. तरीही या भागाबद्दल बोलताना लोकांच्या तोंडी आजही तीस वर्षांपूर्वीची टोळीयुद्धं येतात, हे 37 जण येत नाहीत.

रस्त्याचं सांगते. नव्या टॉवरचे खालचे पाच-सहा मजले मोटारींसाठी असतात. म्हणजे पादचाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर एकही खिडकी नाही, एकही दुकान नाही. बाहेर उंच भिंत, त्यावर कॅमेरे. कॅमेऱ्यांची तोंडं फाटकाकडे. भिंतीला लागून चालणाऱ्या बाईचं काय होतं हे वर पंचविसाव्या मजल्यावरून कुणाला दिसणार? बांधकाम चालू असेल तर मैलभर पत्रे. फुटपाथ कुठे आहे, कुठे नाही. संध्याकाळी सातला कार्यालयं सुटली की गर्दीने चालता येत नाही आणि दहानंतर त्याच रस्त्यावर चिटपाखरू नसतं. जी घरकामवाली रात्री नऊला संकुलातून बाहेर पडते, तिला स्थानकापर्यंत याच भिंतीच्या कडेने जावं लागतं. पहाऱ्याला बसलेला माणूस फाटकाच्या आतल्या लोकांसाठी असतो.

माझे वडील चार वर्षांपूर्वी वारले. त्याआधी एकदा त्यांनी गिरणीची जागा बघायचा हट्ट धरला. गिरणी गेली होती, तिची चिमणी मात्र शोभेसाठी ठेवली होती. आम्ही फाटकाशी उभे राहून चिमणीकडे बघत होतो. पहारेकऱ्याने विचारलं, "काका, काम काय आहे? कुणाकडे जायचंय?" वडिलांनी सांगितलं, "इथे कामाला होतो." तो पोरगा बिचारा ओशाळला. म्हणाला, "माझी नोकरी जाईल, काका, इथे थांबू नका." तो नालासोपाऱ्याहून येत होता आणि बारा तासांची पाळी करत होता. त्याच्यावर माझा राग नाही. ज्या माणसाने बत्तीस वर्षं त्या आवारात घाम गाळला तो आता तिथल्या सुरक्षेला धोका ठरतो, हा नियम ज्यांनी घडवला त्यांच्यावर माझा राग आहे.

आम्हाला मोडक्या चाळीच हव्यात, जिन्याखालचे संडास हवेत, असा अर्थ कुणी काढू नये. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांत पिढ्या काढलेल्या माणसांना 14 ऑगस्ट 2025 ला 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पहिल्या टप्प्यात 556 कुटुंबं, आणि तीही होती तिथेच. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला. उंच इमारत बांधूनही जुन्या माणसाला त्याच जागी ठेवता येतं, हे सरकारनेच दाखवून दिलं आहे. मग गिरणी कामगाराच्या बाबतीत ते अशक्य कसं होतं? बीडीडीची जमीन सरकारच्या हातात होती म्हणून ते जमलं. गिरण्यांच्या जमिनीतला वाटाही 1991 च्या नियमाने सरकारच्या हातात येणार होता. तो 2001 मध्ये सोडून दिला गेला. सगळं दुखणं तिथे आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

एक, प्रत्येक गिरणीचा तक्ता प्रसिद्ध करा : एकूण जमीन किती, महापालिकेला किती मिळाली, म्हाडाला किती, मालकाला किती आणि मिळालेल्या प्रत्येक तुकड्यावर आज काय उभं आहे. मैदानासाठी मिळालेल्या जागेवर मैदान आहे की नाही, हे मुंबईकरांना कळलं पाहिजे.

दोन, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ज्या जमिनी अजून विकल्या गेलेल्या नाहीत, त्यांवर पहिला हक्क कामगारांच्या घरांचा, हे लेखी जाहीर करा. शेलू-वांगणी ज्याला हवी त्याने घ्यावी, नको त्याचा मुंबईतला हक्क शाबूत राहिला पाहिजे.

तीन, रस्त्याच्या बाजूला आंधळी भिंत आणि मोटारींचे मजले यांना मनाई करा. तळमजल्यावर दुकानं, खिडक्या आणि चालता येईल असा फुटपाथ सक्तीचा करा. सुरक्षितता हवी असेल तर तिची सुरुवात तिथून होते.

चार, स्थानक, पूल आणि रस्ते वाढीव माणसांचा भार पेलतील हे तपासल्याशिवाय एकाही नव्या संकुलाला वापराचा परवाना मिळू नये. 23 मृतदेह मोजल्यावर पूल बांधायचा, ही पद्धत आता थांबली पाहिजे.

1982 साली जो पंचविशीत होता तो आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे किंवा ओलांडून गेला आहे. कामगारांच्या याद्यांतली नावं दर वर्षी कमी होत आहेत आणि ती घर मिळाल्यामुळे कमी होत नाहीत. आपला विभाग जितका थांबेल तितकं हे देणं आपोआप फिटत जाईल, अशी धारणा कुणाची असेल तर ती चुकीची आहे. वारस आम्ही आहोत आणि हिशेब आम्हाला तोंडपाठ आहे. पत्राचं उत्तर लेखी द्यावं आणि त्यात आश्वासनं नकोत, गिरणीवार आकडे हवेत.

आपली,
एका गिरणी कामगाराची मुलगी,
ना. म. जोशी मार्ग, मुंबई